प्रवासातली लाज

सीमा म्हणजे काय, हे आमच्या बेळगावकडच्या माणसाला नकाशा उघडून सांगावे लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ पासून ती आमच्या अंगणातूनच गेलेली आहे. पण आज ज्या सीमेविषयी लिहायचे आहे ती वेगळी. ती चोर्ल्याच्या घाटात आहे. जांबोटी मागे पडेपर्यंत गाडीत शाळेच्या, शेतीच्या, लग्नकार्यांच्या गोष्टी चाललेल्या असतात. घाट उतरून गाडी साखळीच्या वाटेला लागली की मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणतो, "आता चालतंय की हो!" काय चालते ते विचारण्याची कोणाला गरज पडत नाही. अशा गाडीत बसलेल्यांत मीही अनेकदा होतो, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढचे लिहायला हात मोकळा राहील.

मी एका हायस्कूलचा मुख्याध्यापक आहे. दरवर्षी २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, प्रार्थनेनंतर मुलांकडून व्यसनमुक्तीची शपथ म्हणवून घेतो. हात पुढे करून आधी मी एकेक वाक्य म्हणायचे आणि मागून सारे मैदान म्हणणार. त्या शपथेत 'दारूला कधीही स्पर्श करणार नाही' असे एक वाक्य आहे. घाटावर म्हटलेले हे वाक्य आणि घाटाखाली वर्षातून एकदोनदा होणारी ती गोष्ट यांची कधी गाठ पडली नव्हती. खरे म्हणजे मीच ती पडू दिली नव्हती. ती पडली सहा हजार किलोमीटर दूर, जपानात, एका साध्या जेवणाच्या वेळी.

आमची मुलगी ओसाकाला एका संगणक कंपनीत नोकरी करते. २०२४ च्या मे महिन्याच्या सुट्टीत मी आणि सौ. तिच्याकडे गेलो होतो. एका रविवारी तिने आम्हांला क्योतोला फुशिमी इनारीच्या देवस्थानी नेले. इनारी ही भाताची आणि भरभराटीची देवता. डोंगर तसा २३३ मीटरांचाच, पण वाट सगळी पायऱ्यांची, आणि वाटेवर एकीला एक चिकटून उभ्या असलेल्या हजारो शेंदरी कमानी. प्रत्येक कमानीच्या मागच्या बाजूला ती वाहणाऱ्याचे नाव आणि तारीख. आपल्याकडे देवळाच्या फरशीवर देणगीदारांची नावे असतात तसेच हे. चढून उतरेपर्यंत अंगावरचा सदरा भिजला आणि घशाला कोरड पडली.

खाली गल्लीत मुलीने एक छोटेसे खानावळवजा दुकान शोधले. अशा ठिकाणाला तिकडे 'इझाकाया' म्हणतात. बाहेर तांबडा कागदी कंदील, दारावर आखूड पडदा, आत मोजकी बाके. बसताच हातात गरम ओला रुमाल आला. मग एकेक करून बशा येऊ लागल्या. मिठाच्या पाण्यात उकडलेल्या सोयाबीनच्या हिरव्या शेंगा, अगदी आपल्या उकडलेल्या भुईमुगासारख्या, बोलत बोलत सोलून खायच्या. आले आणि पातीचा कांदा घातलेले थंडगार तोफू. मीठ लावून निखाऱ्यावर भाजलेला मासा. त्याचे जपानी नाव 'साबा', पण तोंडात घास जाताच सौ. म्हणाली, "अहो, हा आपला बांगडाच की!" बांगड्याचा भाऊच तो, सोबत किसलेला मुळा आणि लिंबाची फोड. शेवटी तळलेल्या भाज्यांचा तेंपुरा. हा पदार्थ सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी जपानला दिला, आणि त्याचे नाव त्यांच्या उपासाच्या दिवसांवरून पडले असे मानतात. त्याच शतकात, १५४९ साली, गोव्याहून निघालेला फ्रान्सिस झेवियर जपानात कागोशिमाला उतरला होता. म्हणजे गोव्याचा आणि या ताटाचा संबंध माझ्या आधीपासूनचा होता.

मुलीने विचारले, "बाबा, बिअर घेणार?" क्षणभर मी सौ.कडे पाहिले. ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघता? गोव्यात काय होतं ते मला ठाऊक नाही असं वाटतं होय तुम्हांला?" वीस वर्षे सांभाळलेले गुपित असे एका वाक्यात संपले. ६३३ मिलिलीटरची एक मोठी बाटली आली, बाहेरून दव धरलेली. जपानात आपला पेला आपण भरायचा नसतो. समोरच्याने आपला भरायचा आणि आपण त्याचा. मुलीने दोन्ही हातांनी बाटली धरून माझा पेला भरला, मी तिचा भरला. सौ.ने थंड 'मुगिचा' मागवला. तो भाजलेल्या जवाचा चहा असतो. बिअरही जवाचीच. ती हसून म्हणाली, "धान्य एकच, तुमचं नासवलेलं आणि माझं भाजलेलं." तिकडे जेवणाआधी हात जोडून 'इतादाकिमासु' म्हणतात, म्हणजे 'मी नम्रपणे स्वीकारतो'. मुलांना डब्याआधी श्लोक म्हणायला लावणाऱ्या माझे हात आपोआप जुळले.

त्या पेल्याचे वर्णन करायला मी काही रसिकराज नाही. एवढेच सांगतो की ती चव मला पहिल्यांदाच कळली. खारट मासा, तेलकट भजे आणि त्यांच्यावरून तोंड धुऊन नेणारा तो कडसर, थंड घोट. 'लागर' हा शब्द जर्मन भाषेतला. त्याचे मूळ 'साठवून ठेवणे' या क्रियापदात आहे. या बिअरचे किण्व थंडीतच आणि तळाशी काम करते, आणि नंतर ती कित्येक आठवडे गारव्यात मुरवत ठेवावी लागते. घाई केली तर बिघडते. घाटाखाली आम्ही जे पीत होतो तेही नावाने हेच होते. पण तिथे एक डोळा दाराकडे असे, कोणी ओळखीचे येण्याआधी उरकायचे असे, आणि वर्षाची कसर एका रात्रीत भरून काढायची असे. चोरून खाल्लेल्या आंब्याची साल आठवते, चव आठवत नाही. क्योतोला दोघांत एक बाटली पुरली, कारण कुठे पळायचे नव्हते.

इतक्यात मुलीने मोबाइलवर आमचा फोटो काढला आणि माझ्या तोंडून निघून गेले, "हा ग्रुपवर टाकू नकोस हं."

तिने पेला खाली ठेवला. "का? आपण काही वाईट केलं का, बाबा?"

"तसं नव्हे गं. आपल्याकडे लोक..." वाक्य पुरे झाले नाही. ती म्हणाली, "इथे एक म्हण आहे. 'ताबि नो हाजि वा काकिसुते.' प्रवासातली लाज प्रवासातच टाकून यावी. आपल्याला तिथं कोण ओळखतं, असा तिचा अर्थ." ती सहज बोलली. मला मात्र वाटले, आमच्या गाडीतले मागच्या बाकावरचे वाक्यच जपानी भाषेत ऐकतो आहे.

परतीच्या गाडीत ती दोघी झोपल्या आणि मी तिच्या प्रश्नाशी भांडत बसलो. वाईट केले का? केले नसेल तर लपवायचे का? आणि केले असेल तर क्योतोला ते चांगले कसे झाले?

पहिले उत्तर आपल्या सर्वांच्या ओठांवर असते: देश, काल, पात्र. जसा देश तसा वेश. त्यात तथ्य नाही असे नाही. जपानात मद्य देवालाही चालते. देवस्थानांच्या आवारात तांदळाच्या साकेची पिंपे रचून ठेवलेली दिसतात, आणि शिंतो पद्धतीच्या विवाहात वधूवर तीन पेल्यांतून तीन-तीन घोट घेतात. बिअर मात्र तिथेही पाहुणीच. जर्मनीत जाऊन ती विद्या शिकून आलेल्या नाकागावा सेइबेइ याच्या हाताखाली १८७६ साली साप्पोरोला सरकारी कारखाना निघाला. मांसाचेही तसेच. ६७५ साली तेम्मू सम्राटाने अनेक प्राण्यांचे मांस निषिद्ध केले होते, आणि १८७२ मध्ये मेइजी सम्राटाने स्वतः गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले. बाराशे वर्षांचा आचार एका पिढीत पालटला. आचार हा देशाप्रमाणे आणि काळाप्रमाणे बदलतो, हे मान्य करायलाच हवे.

पण याच देशातले दुसरे एक उदाहरण मला अडवते. तिथल्या अनेक झेन मठांच्या दाराशी एक दगडी खांब असतो. त्यावर कोरलेले असते की उग्र वासाच्या भाज्या आणि मद्य यांना या दारातून प्रवेश नाही. म्हणजे कांदा-लसूण वर्ज्य मानणारी मंडळी तिकडेही आहेत! आणि या दाराच्या आत राहणाऱ्या भिक्षूंनी मद्याला एक आडनाव ठेवले होते: 'हान्न्यातो'. 'हान्न्या' म्हणजे आपली संस्कृतातली प्रज्ञा. 'हान्न्यातो' म्हणजे प्रज्ञेचा काढा. काढा घ्यायला कोणाची हरकत असणार? मला या शब्दाचे हसू आले आणि लगेच ओशाळल्यासारखे झाले. घाटाखालचे आमचे 'चालतंय' हाही प्रज्ञेचा काढाच. ज्या गोष्टीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारता येत नाही, तिथे देशकालाचा प्रश्न संपलेला असतो आणि लबाडीचा सुरू झालेला असतो.

एम.ए.ला प्लेटो वाचताना गायजीसची गोष्ट आम्हांला शिकवली होती. एका धनगराला अदृश्य करणारी अंगठी सापडते. ती बोटात घालून तो राणीला भुलवतो, राजाला मारतो आणि राज्य बळकावतो. 'रिपब्लिक'च्या दुसऱ्या भागात ग्लॉकन ही गोष्ट सांगून विचारतो, की अशी अंगठी मिळाल्यावर कोण माणूस न्यायाने वागेल? परीक्षेत मी त्यावर चार पाने लिहिली होती. परक्या गावात उतरणाऱ्या प्रत्येक प्रवाशाच्या बोटात ती अंगठी असते, हे मात्र तेव्हा सुचले नव्हते. तिथे आपल्याला ना जात, ना आडनाव, ना 'अमक्या शाळेचे सर' ही ओळख. अंगठी घातल्यावर माणूस जे करतो ते सगळेच वाईट असते असे नाही. कधी तो इतकेच करतो की मुलीबरोबर शांतपणे जेवतो. पण अंगठी काढल्यावर त्याला त्याविषयी काय सांगता येते, यावरून त्या गोष्टीची पारख होते.

इथे मला गांधीजींच्या आत्मकथेतला प्रसंग आठवतो. राजकोटला शाळेत असताना एका मित्राच्या नादाने ते चोरून मांस खात. हे वर्षभर चालले. तशा दिवशी घरी आल्यावर आई जेवायला वाढू लागली की भूक नाही म्हणून खोटे सांगावे लागे. अखेर त्यांनी ते सोडले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की त्या वेळी मांस वाईट वाटले म्हणून ते सोडले नाही; आईवडिलांशी खोटे बोलणे त्याहून वाईट वाटले म्हणून सोडले. ते हयात असेपर्यंत नाही, पुढे मोकळा झालो की उघडपणे खाईन, असा त्यांचा त्या वयातला हिशेब होता. पुढे ते कट्टर शाकाहारी झाले ही वेगळी गोष्ट. त्या शाळकरी मुलाने पदार्थापेक्षा लपवण्याला मोठे पाप मानले, ही माझ्या मते त्या प्रकरणातली खरी शिकवण आहे.

तर मग उघड केले की झाले का? इतके सोपे असते तर हा लेख इथेच संपला असता. बेळगावला परतल्यावर जे घडले त्याने माझा हा सिद्धान्तही पुरता टिकू दिला नाही.

२६ जून आला. मुले रांगेत उभी राहिली. मी हात पुढे केला, पहिली दोन वाक्ये म्हटली, आणि त्या 'कधीही'पाशी आवाज अडला. खोकल्याचे निमित्त करून मी हात खाली घेतला आणि ड्रिलच्या सरांना पुढचे म्हणायला सांगितले. मधल्या सुट्टीत दहावीतला एक मुलगा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. त्याच्या घरची परिस्थिती मला ठाऊक होती. त्याची आई दोनदा याच खोलीत येऊन रडून गेली होती.

"सर, तुम्ही हात का खाली घेतलात?"

दुसऱ्या कोणी विचारले असते तर खोकल्यावर भागवले असते. त्याला ते सांगवेना. मी म्हणालो, "जपानात जेवताना मी एक पेला बिअर घेतली. म्हणून 'कधीही' हा शब्द मला म्हणता येईना."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आमचे बाबा पण रोज एकच म्हणतेत, सर." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याला खरोखरच समजून घ्यायचे होते. "तुमचा एकच राहिला. त्यांचा का नाही राहत?"

तीस वर्षांच्या नोकरीत मला इतका चांगला प्रश्न कोणी विचारलेला नाही आणि इतके वाईट उत्तरही मी कधी दिलेले नाही. मी म्हणालो, "जा बाळ, तास सुरू झाला असेल."

तोवर मला माझ्या मिताचाराचा थोडा अभिमान वाटत होता. दोघांत एक बाटली, मग थांबलो. ॲरिस्टॉटलचा मध्यममार्ग, गीतेतला युक्ताहार, सगळे माझ्या बाजूने उभे होते. त्या मुलाच्या प्रश्नाने तो पाया काढून घेतला. मी थांबू शकलो त्यात माझे कर्तृत्व किती आणि नशीब किती? समोर मुलगी बसलेली, पोटात अन्न, खिशात पगार, अंगात देवदर्शनाचा शीण, आणि बापाकडून मिळालेले एक शरीर, ज्याला दुसऱ्या पेल्याची ओढ नाही. त्या मुलाच्या बापाला यांतले काय मिळाले होते? थांबता येणे हा सद्गुण असेलही, पण तो काही प्रमाणात वारशाने मिळतो, आणि वारशाचा गर्व करायचा नसतो.

जपानचेही मला सगळे गोडच सांगायचे नाही. दुसऱ्याने पेला भरायचा ही रीत दिसायला सुंदर आहे, पण तिथे भरणारा कचेरीतला साहेब असेल तर नको म्हणणे कठीण जाते. त्या जबरदस्तीला त्यांच्या भाषेत आता स्वतंत्र शब्दच आहे. रात्रीच्या शेवटच्या गाडीत, फलाटावरच्या बाकावर, सूटबूट घातलेली माणसे शुद्ध हरपून पडलेली मी पाहिली. मद्यामुळे होणाऱ्या आरोग्यहानीविरुद्ध जपानला २०१३ साली कायदा करावा लागला. आणि २०२३ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने स्पष्टच सांगितले, की आरोग्याच्या दृष्टीने मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही. माझा तो पेला सुखाचा होता. त्याला औषध म्हणण्याची सोय उरलेली नाही.

मग करायचे काय? लपवणे चूक, आणि उघड करून मिरवणे हीही चूकच, कारण माझ्या 'एका'चा आधार घेऊन कोणाच्या तरी घरी पाचवा पेला भरला जाईल. गीतेत 'लोकसंग्रह' असा शब्द आहे. पुढे चालणाऱ्याच्या पावलावर मागचे पाऊल पडते, म्हणून त्याने आपल्यापुरते नव्हे तर मागच्यांसाठीही जपून चालावे, असा त्याचा भाव. आजवर मी या शब्दाचा अर्थ 'मागच्यांना दिसणार नाही असे चालावे' असा लावून घेतला होता. तो अर्थ सोयीचा होता. खरा अर्थ एवढाच, की चालायचे तर त्यांना दिसेल असे, आणि दाखवता येत नसेल तर ती वाट सोडायची.

आम्हां सीमाभागातल्या माणसांना दोन भाषा बोलण्याची सवय असते. घरात एक, बाजारात दुसरी. त्यात लाज नाही. उलट ती आमची श्रीमंती आहे. पण दोन भाषांच्या सवयीने आम्ही नकळत दोन वागणुकीही अंगवळणी पाडून घेतल्या, एक घाटावरची आणि एक घाटाखालची. भाषा दोन असाव्यात, तोंडे दोन नसावीत.

मी राजकोटच्या त्या शाळकरी मुलाचाच हिशेब उसना घेतला. या खुर्चीवर आहे तोवर नाही. घाटावर नाही आणि घाटाखालीही नाही. निवृत्त झालो की उघडपणे, मुलीच्या समोर बसून. २०२५ च्या २६ जूनला मी पुन्हा हात पुढे केला. त्याआधी मुलांना सांगितले, "हे वाक्य मी पूर्वी तुमच्याबरोबर म्हणत होतो आणि पाळत नव्हतो. गेल्या जूनपासून पाळतो आहे. तुम्ही मात्र झेपेल तेच म्हणा, पण म्हटलेले पाळा." मैदानावर थोडी कुजबुज झाली. दोन पालक भेटायला आले. एक रागावून, एक आपल्या भावाविषयी विचारायला. तो मुलगा तेव्हा दहावी उत्तीर्ण होऊन गेलेला होता. त्याच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ अजूनही नाही. तो कुठे भेटला तर तेवढे तरी त्याला सांगेन.

हा लेख लिहून झाल्यावर मुलीला फोनवर वाचून दाखवला. सगळे ऐकून ती म्हणाली, "म्हणजे तोवर माझ्याकडची बाटली थंडच ठेवायची ना?" मी म्हणालो, "ठेव. तिच्या नावातच साठवण आहे."

"आणि तो फोटो? आता टाकू का ग्रुपवर?"

"टाक," मी म्हणालो.

शेजारी निरांजनाच्या वाती वळत बसलेली सौ. म्हणाली, "टाकू दे की. पण माझ्या पेल्यात जवाचा चहा होता, एवढं खाली लिहायला सांगा तिला."